निवलेला पेला

एकदा एक वृद्ध कॉफीविक्रेता आपल्या शिष्याला म्हणाला, "यंदाच्या बिया तू निवड."

एवढे चारच शब्द, पण शिष्याला ते ऐकायला बरीच वर्षे वाट पाहावी लागली होती. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या पेठेत म्हाताऱ्याचे दुकान जुने. सगळे त्याला अण्णा म्हणत. बिया पाखडणे, दळणे, पुड्या बांधणे हे सारे शिष्य करी. खरेदी मात्र अण्णांच्या हातात. वर्षाचा माल एकदाच घ्यायचा, आणि मग वर्षभर साऱ्या पेठेने तोच प्यायचा. निवड चुकली तर सुधारायला पुढचा हंगाम उजाडावा लागे. ज्याने खरेदी केली तोच अण्णांच्या शेजारी गादीवर बसायच्या लायकीचा, हे शिष्यालाही ठाऊक होते.

त्याने मन लावून शोध घेतला. अण्णांची अट एकच होती: कॉफी मऊ हवी, सुवासिक हवी, आणि कडू नको. पुष्कळ नमुने चाखल्यावर शिष्याला एक व्यापारी भेटला. त्याच्या बिया काळ्याभोर, तुकतुकीत. पेल्यात गरम पाणी पडले की असा घमघमाट सुटे की रस्त्यावरचा माणूस पायरी चढून आत येई. व्यापाऱ्याची जीभही बियांसारखीच तुकतुकीत. "अहो, ही कॉफी विकावी लागत नाही, नुसती उकळावी लागते!" शिष्य भारावला.

सौदा पक्का करण्याआधी अण्णांच्या शिरस्त्याप्रमाणे नेहमीच्या गिऱ्हाइकांना नमुन्याच्या पुड्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शाबासकी सुरू झाली. वकील म्हणाले, झकास. शाळेतले मास्तर म्हणाले, फर्मास. तक्रार आली ती एकाच घरून.

अंबूताई दुकानात आल्या आणि उरलेली पुडी त्यांनी फळीवर ठेवली. त्यांच्या यजमानांच्या अंगावरून वारे गेलेले. कूस बदलण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळे त्याच करीत. दिवसातून एक पेला कॉफी, एवढीच अंबूताईंची चैन.

"अण्णा, ही कडू आहे हो. शेवटचे घोट तर गिळवत नाहीत. हीच येणार असेल तर मी आपली सुंठीचा काढा पिईन. तो निदान कडू असल्याचं लपवत तरी नाही."

शिष्याने विचारले, "ताई, तुम्ही ती गरम पिता ना?"

"गरम? ओतली की आतून हाक येते. परत येईस्तोवर निवतेच. गरम कॉफी मी शेवटची कधी प्यायले, देवाला ठाऊक."

त्या गेल्यावर शिष्य हसून म्हणाला, "ऐकलंत अण्णा? असं निववून प्यायल्यावर अमृतसुद्धा कडू लागेल!"

अण्णा हसले नाहीत. "निवल्यावर जे कडू लागतं, ते अमृत नव्हे रे," एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उद्या सकाळी तुझ्या व्यापाऱ्याला बोलाव. आणि त्या डोंगरावरच्या मळेवाल्यालाही. तू ज्याचा नमुना परत केलास ना, त्याला."

मळेवाल्याच्या बिया तांबूस, दिसायला साध्या. वास होता, पण तो जवळ गेल्यावर येणारा. शिष्याने त्या एकाच घोटात बाजूला सारल्या होत्या.

सकाळी दोघे आले. अण्णांनी दोन्ही कॉफ्या स्वतः केल्या. दूध नाही, साखर नाही. पेले ओळीने मांडले आणि म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही." मग त्यांनी समोरच्या नाभिकाला हाक मारली, पायरीवर बैठक मारली आणि निवांतपणे दाढी करून घ्यायला बसले.

शिष्य गोंधळला. मळेवाला भिंतीला टेकून रस्त्याची गंमत पाहत राहिला. व्यापाऱ्याला मात्र बसवेना.

"अण्णासाहेब, वाफ चाललीय!"

"जाऊ द्या," फेसातून उत्तर आले.

"अहो, निवतेय ती!"

"निवू द्या."

"अण्णा," आता शिष्यानेही धीर सोडला, "दाढी नंतर करता येईल. कॉफीची सगळी मजा जाईल!"

"मजाच जाऊ दे, लेका. मजा गेल्यावर काय उरतं, ते बघायला तर तुम्हाला बोलावलंय." आणि नाभिकाला म्हणाले, "तू सावकाश कर बाबा. एक हात उलटाही फिरव."

दाढी झाली, तुरटी फिरली, तोंड धुऊन झाले. पेले पाण्यासारखे गार पडले होते. अण्णा म्हणाले, "आता घ्या."

शिष्याने आधी आपल्या पसंतीचा पेला उचलला. घमघमाट कुठल्या कुठे गेला होता. पहिल्याच घोटाला जिभेवर करपलेल्या भाकरीची चव आली आणि मागे घशात कडवटपणा रेंगाळत राहिला. त्याने निमूटपणे दुसरा पेला उचलला. त्या गार कॉफीला गुळाच्या खड्यासारखी मंद गोडी होती. एवढा वेळ गेला, तरी पेला ओठाशी नेताना वास होताच. आणि घोट घशाखाली उतरला तो न अडखळता.

व्यापाऱ्यानेही दोन्ही चाखले. माणूस लबाड नव्हता, फक्त घाईत होता. मोकळेपणी हसून म्हणाला, "अण्णासाहेब, इतका वेळ आमच्याकडे कोणी थांबतच नाही हो!"

"त्यावरच बाजार चालतो," अण्णाही हसले. "बसा, तुमचीही दाढी होऊन जाऊ दे."

मग शिष्याकडे वळून ते म्हणाले, "बाळ, गरम असताना प्रत्येक कॉफी गोडच बोलते. वाफ नाकाला भुलवते, चटका जिभेला गप्प करतो. कच्ची-पक्की फळं एकत्र तोडलेला माल काळा भाजला, की सगळे दाणे सारखे दिसतात आणि वासही दणकून सुटतो. पण करपवून झाकलेलं वाफ गेल्यावर उघडं पडतं. ह्या मळेवाल्याने पिकलेली लाल फळं तेवढीच तोडली आणि बेताची भाजली. त्याला झाकायचं काही नव्हतं, म्हणून तो इतका वेळ भिंतीला टेकून बसू शकला. आणि अंबूताईंना तू हसलास. अरे, आपल्या पेठेत कॉफीची खरी चव कळणारी तेवढी एकच जीभ आहे. बाकीचे वाफ पितात."

शिष्याने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "सौदा कुणाशी करू, हे तुम्ही सांगाल?"

"मी? यंदाच्या बिया तू निवडायच्या आहेत."

शिष्याने मळेवाल्याच्या हातावर हात ठेवला. मग त्याच बियांची ताजी पूड बांधून घेतली आणि स्वतः अंबूताईंच्या घरी गेला. त्यांनी कॉफी केली, त्यालाही दिली. आपला पेला तोंडाशी नेणार, तोच आतून हाक आली. त्या लगबगीने उठून गेल्या.

शिष्य बसून राहिला. पेल्यावरची वाफ विरळ होत गेली, मग थांबली. 'ताई, निवतेय' असे शब्द ओठांवर आले होते; त्याने ते गिळले.

अंबूताई पदराला हात पुसत परतल्या, भिंतीशी टेकल्या आणि गार पेला उचलला. एक घोट घेतला. थांबल्या. पेल्याकडे पाहिले. मग डोळे मिटून सावकाश, तळापर्यंत प्यायल्या.

शिष्य दुकानात परतल्यावर अण्णांनी विचारले, "काय म्हणाल्या?"

"काही म्हणाल्या नाहीत, अण्णा. पेला रिकामा केला."

अण्णा गादीवर थोडे सरकले आणि शेजारी जागा करून दिली.

ही गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारख्या दुकानदाराने एवढेच सांगावे: माल असो, भागीदार असो की सोयरीक, पसंती वाफेवर करू नये, जरा निवू द्यावे आणि मग ओठाला लावावे.