श्वास रोखून धरा

देशाच्या आरोग्य धोरणाचा मसुदा दिल्लीत ठरत होता. त्यात डॉक्टर होते, नर्स होत्या. एक्स-रे काढणारे, रक्त तपासणारे, फिजिओथेरपी करणारे मात्र 'इतर' या एका शब्दात कोंबले होते. नाव नाही म्हणून पदं नाहीत, आणि पदं नाहीत म्हणून तालुक्यातली एक्स-रे यंत्रं चादर पांघरून निजलेली.

हे सांगायला चंद्रपूरच्या एक्स-रे तंत्रज्ञ वैजयंती ढोबळे समितीपुढे उभ्या राहिल्या. अध्यक्ष डॉ. हर्डीकरांचं बोलणं तुपातलं. "बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे. जरा धीर धरा, पुढच्या धोरणात बघू." मागच्या धोरणाच्या वेळीही ते हेच म्हणाले होते.

बाई हसल्या. "बरं साहेब. तेवढं एकदा एक्स-रेला उभे राहिल्यासारखं करा. खोल श्वास घ्या. आता रोखून धरा."

अध्यक्षांनी सवयीनं छाती फुगवली. बाई गप्प. अध्यक्षांचे गाल लाल झाले, डोळे बाहेर आले आणि भस्सकन श्वास सुटला.

"अहो, पुढे 'सोडा' म्हणायचं असतं. माणसानं धरायचं तरी किती वेळ?"

"तेच विचारायला आलेय, साहेब. आम्हाला 'धरा' म्हणून तुम्ही मागच्या धोरणाच्या वेळीच खोलीबाहेर गेलात."

हशा पिकला. अध्यक्षांनाही हसू आवरेना. त्यांनी 'इतर'वर काट मारली आणि एकेका पेशाचं नाव लिहून काढलं. मग मान वर करून म्हणाले, "हं बाई, आता सोडा श्वास."

"सोडते की," बाई म्हणाल्या, "शाई तेवढी वाळू द्या."