विहिरीच्या पाण्यातली माणसं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. नदी लांब होती, म्हणून सारं गाव एकाच विहिरीचं पाणी प्यायचं. विहिरीशेजारच्या खोपटात भिवरा नावाची बाई एकटी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाणी शेंदून द्यायची.

एके दिवशी दिवेलागणीला गावचा पाटील तिथं पाणी प्यायला आणि जागीच थिजला.

"आई उभी आहे," तो पुटपुटला. त्याची आई वारून वर्ष झालं होतं.

बातमी घरोघरी गेली. दुसऱ्या संध्याकाळी सुतारणीला तिचं गेलेलं लेकरू दिसलं. मग रोज कुणाला ना कुणाला दिसू लागलं. पाणी प्यायलं की मेलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहत. बोलत नसत, हलत नसत. नुसती बघत राहत.

"भिवराच पाण्यात काहीतरी कालवते," पाटील म्हणाला. गावानं मान डोलावली.

गाऱ्हाणं राजाकडे गेलं. राजानं आपल्या शिवदेव वैद्याला पाठवलं. वैद्य प्रामाणिक होता. एका सकाळी त्यानं आपल्या अंगणात दोन घागरी भरून आणल्या, एक नदीची, एक विहिरीची. कुणाला कोणतं पाणी मिळतंय हे न सांगता त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना पाणी पाजलं. नदीचं पाणी प्यायलेले तोंड पुसून घरी गेले. विहिरीचं पाणी प्यायलेल्यांना अंगणाच्या कोपऱ्यात माणसं दिसली.

"वैद्यबाबा, मी काही केलं नाही हो," भिवरा म्हणाली.

"मी डोळ्यांनी पाहिलं, बाई," वैद्य म्हणाला. त्याच संध्याकाळी राजाच्या हुकुमानं भिवराला नदीपलीकडच्या रानात सोडून दिलं. त्या रानात वाघ होता.

वैद्य घरी आला. विहिरीची घागर ओसरीवरच होती. आपणही पाहावं, म्हणून तो ओंजळभर पाणी प्यायला. अंगणात अंधारून आलं होतं. तुळशीमागे त्याचा मेलेला भाऊ उभा होता. ओल्या कपड्यांनी, बुडाला त्या दिवशीसारखा. वैद्य ओरडला, तशी त्याची बायको धावत बाहेर आली.

"अहो, काय झालं?"

"भाऊ! विहिरीचं पाणी प्यायलो आणि..."

"विहिरीचं कुठलं? ते मी दुपारीच ओतून टाकलं. घागर विसळून नदीचं भरून ठेवलंय."

वैद्यानं पुन्हा तुळशीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग त्याला आपलेच हात आठवले. विहिरीचं पाणी देताना ते थरथरत होते. त्या माणसांपुढे तो जरा जास्त वेळ थांबला होता. "काही दिसतंय का?" असं त्यानं फक्त त्यांनाच विचारलं होतं. तोंडानं सांगितलं नव्हतं, पण चेहऱ्यानं सगळं सांगून टाकलं होतं.

पहाटेच तो राजापुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, माझी परीक्षा खोटी होती. पुन्हा घेऊ द्या. या खेपेला मलाही काही कळता कामा नये."

राणीनं दाराआड घागरी भरल्या, बुडाला खुणा केल्या आणि ती आत निघून गेली. पाणी वाढायला परगावची एक बाई आणली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सगळ्यांना सारखंच पाणी दिलं आणि सारखंच विचारलं. संध्याकाळ झाली. कोपऱ्यांत पुन्हा माणसं उभी राहिली. मग पाटलानं घागरी उलट्या करून खुणा पाहिल्या. जितकी मेलेली माणसं विहिरीच्या पाण्यानं आणली, तितकीच नदीच्या पाण्यानं. त्याच दिवशी वाटेनं जाणारे वाणी विहिरीचं पाणी पोटभर प्यायले, बैलांना पाजलं आणि गाणी म्हणत निघून गेले. त्यांना गावातली गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

पाटील खाली मान घालून बसला.

"चला," वैद्य म्हणाला, "तिला शोधू."

भिवरा जिवंत सापडली, एका उंच कपारीत. गुडघे फुटलेले, आवाज बसलेला. खाली वाघाच्या पावलांचे ठसे होते. पाटलानं हात जोडले. "घरी चल, भिवराबाई. आमचं चुकलं."

तिनं त्याच्या कमरेच्या चंबूकडे पाहिलं. "विहिरीचं आहे?"

"हो."

"मग पी."

पाटलाला सगळं ठाऊक होतं. खुणा त्यानंच वाचल्या होत्या. तरी चंबू ओठांपाशी नेताना त्याचा हात थांबला आणि नजर हळूच मागच्या झाडीकडे वळली.

"राहू दे," भिवरा म्हणाली. "मी येत नाही."

ती नदीपलीकडेच दुसऱ्या गावात राहिली. इकडे विहिरीवर पाणी द्यायला कुणी उरलं नाही. लोक पाणी शेंदत, पण संध्याकाळ व्हायच्या आत घरी पळत, आणि जाताना मागे वळून बघत.

जे दिसेल असं मनात धरून आपण बघतो तेच आपल्याला दिसतं. म्हणून दुसऱ्याला पारखण्याआधी पारखणाऱ्यानं आपले डोळे झाकून घ्यावेत.