अळणी भाताचा दिवस

खाडीला भरती आली की तळखारच्या जुन्या गावठाणातली जोती पाण्याखाली जातात आणि ओहोटीला चिखल पुसत पुन्हा वर येतात. वीस-बावीस घरांची जोती, मधोमध उंच कठड्याची एक चिरेबंदी विहीर. पाहुणे विचारतात, गाव बुडालं का? गावातले जुनेजाणते जोमा आजोबा मान हलवतात. बुडालं नाही, त्याने आम्हाला वेळेवर निरोप दिला, असे म्हणून ते कठड्याला टेकतात आणि ठमाबाईची गोष्ट सांगतात.

किती पिढ्यांपूर्वीची, ते कुणी मोजलेले नाही. इथे आगरी वस्ती होती. मिठागरे पिकवायची आणि बांधाआड भात लावायचा. ठमाबाईचे घर विहिरीला लागूनच. तिच्या नवऱ्याने एकेक चिरा होडीतून आणून ते बांधले आणि पाच वर्षांत तो वारला. त्यामुळे त्या घरावर तिचा भारी जीव.

तिची सून कमळी डोंगरावरच्या गावची. लग्न होऊन आली त्या दिवशी पहिला घोट घेऊन म्हणाली, पाणी मचूळ आहे. ठमाबाईने तिला असे फैलावर घेतले की पोरीने पुन्हा पाण्याचे नाव काढले नाही.

पुढे कमळीला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. त्याच सुमारास ठमाबाईला भात खारट लागू लागला. मिठाचा हात आवर, म्हणून ती रोज सुनेवर डाफरायची. कमळी शपथेवर सांगायची की चिमूटभरच घातले. शेवटी एके दिवशी सासूबाई स्वतः चुलीपाशी बसल्या आणि मिठाच्या मडक्याला हातच लावला नाही. भात शिजला, घास तोंडात घातला. मिठाला अगदी बरोबर होता. ताट तसेच सारून ती उठली म्हणे.

ती घरोघर फिरली. हल्ली आपलाही हात जड झालाय, म्हणून मीठ कमी करत आणले आहे, असे एकेक बाई चाचरत कबूल करू लागली. मीठ पिकवणाऱ्यांच्या घरात मिठाचा अंदाज चुकतो हे सांगायचे कुठल्या तोंडाने? म्हणून कुणी कुणाजवळ बोलले नव्हते. पुरुषांना मात्र पटेना. बांध शाबूत असताना विहीर नासेलच कशी, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा ठमाबाईने गावदेवीच्या जत्रेचा भात रांधायला आपल्याकडे मागून घेतला. पंगत दोनदा भात मागून पोटभर जेवली. लोक उठायच्या आत ती पुढे झाली.

“भातान मीठ कसा हाय?”

बेस हाय, असे सगळे म्हणाले.

“मी कनभर घातला नाय. हा मीठ आपले हिरीचा हाय.”



आठ दिवसांत गाव हलले. कमळीच्या माहेरच्यांनी डोंगरावरचा माळ मोकळा करून दिला. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, असे आजोबा इथे थांबून सांगतात. निघताना ठमाबाईने नवऱ्याने बांधलेला ओटा शेवटचा सारवला आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली. काही जण चिडून विहीर बुजवायला निघाले, तर ती आडवी आली.

“सात पिढ्यांला पाजला हिनं. खारी झाली ती पन दमानं सांगून झाली. आपुनच आयकला नाय.”

वर माळावर गेल्यावर महिनाभरात कमळीची सूज उतरली आणि दिवस भरल्यावर मुलगी झाली. बाराव्या दिवशी ठमाबाई गोड्या पाण्याची कळशी घेऊन एकटीच खाली उतरली, विहिरीत ओतली आणि हात जोडून परत आली.

आजही जत्रेच्या दिवशी ओहोटी लागली की अख्खे गाव खाली येते. वरून आणलेल्या पाण्यात ज्याच्या त्याच्या जोत्यावर बिनमिठाचा भात शिजतो. तो अळणी लागला की सगळ्यांना बरे वाटते. त्याआधी घरोघरची सून विहिरीत एक कळशी ओतते. तेवढ्याने विहीर गोडी होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग ती विहिरीचे ओंजळभर पाणी चाखते आणि कसे लागले ते सासूला सांगते. सासूने त्यावर काही बोलायचे नसते. नुसते ऐकून घ्यायचे असते.