दोघांना सांगितलेलं 'नाही'

धरणाच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढलेल्या एका गावात सावळाराम नावाचा एक नावाडी राहत असे. बाजार, हायस्कूल, सरकारी दवाखाना, सगळं पलीकडच्या काठावर. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालावा लागे आणि त्यात अर्धा दिवस मोडे. म्हणून गाव सावळारामच्या नावेतून ये-जा करी. वल्ही त्याच्या हातात असली की बायका लेकरांना खुशाल मांडीवर झोपवत. माणूस सरळ होता, भला होता. कुणाचं मन म्हणून दुखवायचा नाही. हाच त्याचा गुण, आणि यातूनच पुढे घात झाला.

सावळारामला जेवण झालं की छातीत जळजळे आणि कोरडा खोकला येई. त्यासाठी तो गावातल्या वैद्यबुवांकडे गेला. वैद्यबुवा शिकलेले, जाणते. त्यांच्या वडिलांनी सावळारामला लहानपणी मोठ्या दुखण्यातून वाचवलं होतं, त्यामुळे त्या घराबद्दल त्याच्या मनात फार आदर होता.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि ज्येष्ठमधाचं चूर्ण काढलं. देताना त्यांनी विचारलं, "सावळा, रक्तदाबाची गोळी वगैरे चालू नाही ना? असेल तर हे द्यायचं नाही."

गोळी चालू होती. महिन्यापूर्वीच पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हेमलताबाईंनी त्याचा रक्तदाब तपासून ती सुरू केली होती. पण ज्या घराने आपला जीव वाचवला, तिथे बसून दुसरीकडचं औषध घेतो म्हणून कसं सांगायचं? सावळारामला भीड पडली.

"नाही," तो म्हणाला.

"बरं. थोडे दिवस घे, मग मला येऊन दाखव," वैद्यबुवा म्हणाले.

चूर्णाने जळजळ थांबली. सावळाराम खूश झाला. दाखवायला गेला तर ते बंद करतील, म्हणून तो गेलाच नाही. ज्येष्ठमधाच्या काड्या बाजारात मिळत. तो त्या आणी, कुटून चूर्ण करी, आणि सकाळ-संध्याकाळ घेई. नाव चालवतानाही एक काडी तोंडात चघळत राही.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तो उतरण्याऐवजी चढला होता.

"गोळ्या वेळेवर घेता ना? दुसरं काही घेत नाही ना? झाडपाला, काढे?"

मागे एकदा एका म्हातारीला काढ्यावरून बाईंनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. ते सावळारामने पाहिलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी गोळी वाढवली. लघवीवाटे पाणी बाहेर काढणारी आणखी एक गोळी जोडीला दिली. रक्तदाब तरी हटेना. बाईंनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी पुन्हा डोस वाढवला.

घरी त्याची बायको गौराबाई म्हणाली, "अहो, दोघांनाही सांगून टाका की! काय बिघडणार आहे?"

"कशाला उगाच कुणाचं मन दुखवायचं? आणि ज्येष्ठमध तर लहान पोरांनाही देतात. त्याने काय होतंय?"

पण होत होतं. त्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. जिना चढताना मांड्या थरथरू लागल्या. त्याला वाटलं, वय झालं. अंगात जोर यावा म्हणून त्याने चूर्ण आणखी वाढवलं.

एका बाजाराच्या दिवशी नाव भरली. भाजीची टोपली घेतलेली तानूआक्का होती, तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी निघालेली शेवंता होती, आणखी काही माणसं होती. ऊन लख्ख पडलेलं, वारा नाही, पाणी आरशासारखं. नाव मध्यावर आली आणि सावळारामने वल्हं ओढायला हात उचलला. हात उचललाच गेला नाही.

त्याने पुन्हा जोर केला. बोटं उघडी पडली आणि वल्हं सुळकन पाण्यात गेलं.

"सावळा, अरे थट्टा कसली करतोस?" तानूआक्का हसून म्हणाली.

"आक्का, हात हलत नाहीत," तो म्हणाला. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण पायही हलले नाहीत. ज्या माणसाने भर पुरात नाव काठाला लावली होती, तो निवांत पाण्यावर खांबासारखा बसून राहिला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नावेतलं हसणं एकदम थांबलं.

कुणीतरी उरलेलं वल्हं उचललं, पण ते एका हाताने धरावं की दोन्हींनी, हेही त्याला कळेना. नाव गोल फिरली आणि पाण्याच्या आतल्या ओढीने वाहत गेली. धरणात बुडालेल्या जुन्या गावाची दगडी भिंत तिथे पाण्याच्या जरा खाली होती. नाव तिच्यावर आदळली आणि उलटली.

तिथे पाणी छातीएवढं होतं, म्हणून माणसं वाचली. पण शेवंताच्या हातून मूल सुटलं. ती पाण्यात डोकं घालून हात फिरवत राहिली, वर येऊन किंचाळली, पुन्हा खाली गेली. अखेर तिच्या हाताला झबल्याचं टोक लागलं. मूल निळं पडलं होतं. तिने त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. ते रडलं, तेव्हा भिंतीवर उभी असलेली माणसंही मोठ्याने रडू लागली. तानूआक्काचा पाय नाव आणि भिंत यांच्यामध्ये सापडला होता. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सावळारामला दोघांनी केसांना धरून पाण्यावर ठेवलं होतं.

मासेमारीच्या होड्या धावून आल्या आणि सगळ्यांना पलीकडे घेऊन गेल्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सावळारामचं रक्त तपासलं. आकडा पाहून त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा तपासलं. तोच आकडा. रक्तात पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो. तो फार कमी झाला की हातापायांतलं बळ जातं आणि हृदयाचे ठोकेही चुकू लागतात. सावळारामचे ठोके चुकत होते. बाईंनी त्याला सलाईनमधून तो क्षार हळूहळू द्यायला सुरुवात केली आणि त्या खाटेजवळून हलल्या नाहीत.

गावात बातमी वेगळीच पोचली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी सावळाराम लुळा पडला, असं जो तो बोलू लागला. शेवंताच्या सासूने आपल्या मधुमेहाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. एका म्हाताऱ्याने फिटच्या गोळ्या बंद केल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला चुलीजवळ झटका आला. त्याचा हात भाजला. हाही त्या गोळ्यांचाच परिणाम, असं म्हणत माणसं चिडली. मिळेल त्या वाहनाने डोंगराला वळसा घालून दवाखान्यावर आली.

"आमचा धडधाकट माणूस होता! कसल्या गोळ्या चारल्या त्याला?" अंगणात आरडाओरडा सुरू झाला. एक दगड येऊन खिडकीची काच फुटली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्या म्हणाल्या, "डोस मीच वाढवला. पाणी काढणाऱ्या गोळीने रक्तातला एक क्षार थोडा कमी होतो. पण इतका कसा झाला, ते मला समजत नाही. चूक माझीच असेल. मी तसं वरती कळवणार आहे."

आत खाटेवर सावळाराम हे सगळं ऐकत होता. हातापायांत आता थोडी हालचाल आली होती. त्याला शेवंताचं निळं पडलेलं मूल आठवलं. तानूआक्काचा पाय आठवला. 'गोळी असेल तर हे द्यायचं नाही' हे वैद्यबुवांचे शब्द त्याला नावेतच आठवले होते, आणि या साऱ्याला आपलं चूर्ण कारण असेल, अशी शंका आली होती. पण आता तो गप्प राहिला असता तर कुणाला काहीच कळलं नसतं. लोक त्याच्याच बाजूने भांडत होते. वैद्यबुवांचं नाव निघालं नसतं, आणि त्याचंही नाव चांगलंच राहिलं असतं. फक्त एक बाई बदनाम झाली असती, आणि माणसं गोळ्या फेकत राहिली असती.

गौराबाई उशाशी बसली होती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला दारापर्यंत ने," सावळाराम म्हणाला.

दोघांनी धरून त्याला दारात आणलं. लोक शांत झाले.

"बाईंची चूक नाही," तो म्हणाला. "मी रोज ज्येष्ठमध खात होतो. त्यांनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. वैद्यबुवांनीही विचारलं होतं. त्यांच्याशीही मी खोटं बोललो. तुमची पोरं माझ्या नावेत होती."

ज्याने दगड मारला होता, तो मटकन खाली बसला. गर्दीत मागे वैद्यबुवा उभे होते. ते सावळारामला भेटायलाच आले होते. हे ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अरे, मी तुला थोडे दिवस म्हणालो होतो! किती खाल्लंस?"

सावळारामने हातांनीच दाखवलं.

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "ज्येष्ठमध फार दिवस, फार खाल्लं की रक्तदाब चढतो आणि हाच क्षार उतरतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी क्षार उतरवणारीच गोळी वाढवत गेले. दोन्हीकडून उतरत गेला."

वैद्यबुवा पुढे आले. "बाई, गोळी चालू असेल तर द्यायचं नाही, असं मी म्हणालो होतो. पण का, ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

"मी विचारलं, पण आठी घालून विचारलं," बाई म्हणाल्या. "रागावणाऱ्या माणसाला कोण खरं सांगेल?"

मग ते दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसले. ज्येष्ठमध बंद झालं. रक्त पुन्हा पुन्हा तपासून बाईंनी गोळ्या ठरवल्या. जळजळीसाठी काय द्यायचं, ते दोघांनी बोलून ठरवलं. वैद्यबुवांनी तिखट आणि उशिराचं जेवण सोडायला सांगितलं, पोटऱ्यांना कोमट तेल चोळायला सांगितलं, सकाळी शांत बसून श्वास घ्यायला शिकवलं. बाई म्हणाल्या, "हे सगळं चालेल. गोळीसोबत करा, गोळीऐवजी नको."

सावळारामच्या अंगात बळ आलं. चालता येऊ लागल्यावर तो सर्वांत आधी त्या भाजलेल्या म्हाताऱ्याकडे गेला, मग शेवंताच्या घरी गेला. गोळ्या फेकलेल्या प्रत्येक दारात उभा राहून त्याने आपलं खोटं आपल्याच तोंडाने सांगितलं आणि त्यांना दवाखान्यात जायला लावलं. काहींनी ऐकून घेतलं. शेवंताने मात्र मुलाला पदराआड घेतलं आणि दार लावलं. तो पुढच्या दाराकडे वळला.

शेवटी तो तानूआक्काकडे गेला. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. पुढे पाय लंगडाच राहणार, असं बाईंनी सांगितलं होतं.

"आक्का, मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही," तो म्हणाला.

"माफी घेऊन मी काय करू? बाजाराला कोण जाणार माझ्याऐवजी?" तानूआक्का म्हणाली. मग तिचा आवाज नरम झाला. "पण गप्प बसला नाहीस, हे बरं केलंस. बस. पाणी पी."

बोलता बोलता तिने उशीखालून एक पुडी काढली, करडी पूड तळहातावर घेतली आणि तोंडात टाकायला हात वर नेला.

"हे काय?"

"हाड लवकर जुळायचं औषध. एक फिरता माणूस दारावर येऊन देतो. ठणका अगदी पळतो बघ."

"बाईंना सांगितलंस?"

"छे! रागावतील त्या. आणि वैद्यबुवांना कशाला सांगू? त्यांना वाटेल, त्यांच्याकडे नाही गेले."

सावळारामच्यामुळे जिचा पाय मोडला होता, जिने भर अंगणातली सगळी हकिकत ऐकली होती, तीच आक्का त्याचेच शब्द बोलत होती. त्याने तिचा हात धरला.

"आक्का, थांब. मी तुझ्या पाया पडतो, ही पूड आत्ता तोंडात घालू नकोस."

तानूआक्का चिडली, पण त्याचा चेहरा पाहून तिने हात खाली घेतला.

त्याने पुडी बांधली, वैद्यबुवांना सोबत घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंच्या कपाळावर या वेळी आठी नव्हती. वैद्यबुवांनी पूड हुंगली, चिमटीत घासून पाहिली आणि मान हलवली. यात काय मिसळलंय, ते त्यांना ओळखता येत नव्हतं. "ज्याचं नाव देणाराही सांगत नाही, ते मी कुणाला देणार नाही," ते म्हणाले. बाईंनी ठणक्याची गोळी बदलून दिली आणि म्हणाल्या, "आक्कांना सांगा, मी रागावले नाही. आणखी काही घेत असतील तर तेही सांगायला लावा."

सावळाराम निरोप घेऊन परत आला. तानूआक्काने तो मान खाली घालून ऐकला. मग तिने हाक मारून सुनेला बोलावलं आणि म्हणाली, "फडताळातली ती काळ्या काढ्याची बाटलीही आण गं. ही पण त्यांना दाखवायचीय."

तात्पर्य: दोन प्रकारचे उपचार एकमेकांना साथ देऊ शकतात, पण देणाऱ्या दोघांनाही एकमेकांच्या औषधाची माहिती हवी, भिडेपोटी लपवलेलं चांगलं औषधही विष होतं, आणि ते लपवणाऱ्याबरोबर इतरांनाही भोवतं.