बारा आण्यांचं पाणी

घाटात अजून गाडीवाटही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खडकोलीत ठकूबाई लोहारीण राहायची. नुसत्या घणाच्या आवाजावरून ती तीन कोसांवरच्या पात्याचं पाणी सांगायची, असं म्हणतात. पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे हो. लालभडक पातं पाण्यात विझवलं की त्यात जो टणकपणा येतो, त्याला लोहार पाणी म्हणतात.

तिचा नवरा रानडुकराच्या शिकारीत गेला. सुरा हाडावर बसला आणि कटकन मोडला. तोही चांगला सोळा आणे पाण्याचा. लोक म्हणाले, नशीब. ठकूबाईला काही ते पटेना. दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन ती विचार करत बसली. एवढा टणक होता, तर मोडला कसा?

मग बाई हात धुऊन मागेच लागली. पातं विझवायचं, पुन्हा निखाऱ्यावर हलकं शेकायचं आणि रंग बघत बसायचं. आधी वाळल्या गवताचा पिवळा चढे, मग गुळाचा, मग जांभळा. दर रंगाला थांबून ती कानस ओढी आणि पातं दगडाच्या फटीत घालून वाकवी. कानस नुसतीच घसरली तर सोळा आणे; असलं पातं मोडायचं. कानस लोण्यात गेल्यासारखी गेली तर आठ आणे. ते वाकलं की वाकलंच. गुळाच्या रंगाला कानस रुते न रुते, आणि पातं वाकून परत सरळ होई. ते बारा आणे. एवढं कळायला तिची सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी रेड्याएवढं डुक्कर शिवारात उतरलं. दोघांना त्याने फाडलं. तेव्हा तिचा धाकटा भाऊ धावजी निघाला.

"आक्का, सोळा आण्यांचा सुरा दे."

"बारा आण्यांचा देते, बाबा. तोच टिकतो."

"ज्याचे चार आणे कमी, त्याला लोक येडा म्हणतात. चारचौघांत माझं हसं करतेस?"

त्याचं तरी काय चुकलं? आपल्याकडे शब्द सोळा आणे, शपथ सोळा आणे. चार आणे कमी कोण मागून घेईल? ठकूबाईने मोडकी पाती दाखवली, समजावलं, शेवटी रडली. गडी हटेना. मग तिने सुरा बारा आण्यांचाच केला आणि जितके आणे तितक्या खाचा मुठीवर पाडायचा रिवाज, त्या मात्र सोळा पाडल्या. जन्मात ती तेवढंच एक खोटं वागली, असं म्हणतात.

सुरा डुकराच्या खांद्यात गेला आणि डुक्कर गर्रकन फिरलं. पातं इतकं वाकलं की टोक मुठीला टेकलं, आणि असं सरळ झालं की डुक्कर ओढ्यापलीकडे जाऊन पडलं. आता म्हणतात बुवा, मी काही बघायला नव्हतो. पण धावजी जिता परत आला, हे खरं.

"बघितलंस, आक्का? सोळा आणे!" तो म्हणाला.

ठकूबाईने त्याच्यासमोर पात्यावर कानस ओढली. ती किंचित रुतली.

"बारा आहे. फसवलं मी तुला. एक माणूस घालवून बसले होते, दुसरं घालवायची छाती नव्हती."

धावजीने तिच्या हातातून कानस घेतली आणि मुठीवरच्या चार खाचा स्वतः घासून काढल्या.

अजूनही खंडेनवमीला खडकोलीत नव्या सुऱ्याच्या मुठीवर सोळा खाचा पाडतात, आणि ज्याचा सुरा त्याने त्यातल्या चार आपल्या हाताने घासायच्या असतात. आणि सोयरीक जुळवताना कुणी म्हणालं, मुलगा बारा आण्यांचा आहे, की मुलीचा बाप पुढचं काही न विचारता होकार देतो.