रिकामी मांडी

“आणि तुमचं काय, अक्का? दुसरीचं पोर तिच्या मांडीवर तुम्हीच बसवलंत ना?”

“बसवलं.”

“मग खोटं कोण, तुम्ही की मी?”

बयाक्कानं मान वर केली नाही. ती फोटोच्या कडा कातरीनं सारख्या करत होती. फोटोत अनुसया होती, मांडीवर दोन वर्षांचं पोर. अनुसयेचे बसलेले गाल काल बयाक्कानं फोटो उतरतो त्या काचेवर पेन्सिल फिरवून भरून काढले होते.

“खोटेपणाचं मागनं बघू. लढाई लागल्यापासून काचा मिळेनात, आणि तू मला न विचारता दुसरी काच वापरलीस.”

मुकुंदाच्या हातात त्याच दुसऱ्या काचेवरनं उतरवलेला फोटो होता. तो त्यानं सोडला नाही.

ही दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. साताऱ्याकडचं बाजारगाव. भोवतालच्या खेड्यांतून घरटी एक गडी पलटणीत गेलेला. नवरा वारल्यावर फोटोचं दुकान बयाक्कानं चालवलं, कुणाची परवानगी न मागता. गावातल्या शहाण्यांनी तोंडं वाकडी केली आणि मग आपल्याच सुना फोटोसाठी तिच्याकडं धाडल्या. दुकानात एक ठेवणीतलं लुगडं असे आणि एक पितळेची ठुशी. येईल त्या बाईच्या अंगावर ती दोन्ही चढत. रेशनच्या ज्वारीवर वाळलेली बाई मिसरात, इजिप्तच्या आघाडीवर, असलेल्या नवऱ्याला भरल्या अंगाची दिसे.

मुकुंद टिपणीस मुंबईच्या चित्रशाळेतनं आला होता. बयाक्काकडं हात बसवायला राहतो, असं सांगे. मनातून तो तिला शिकवायलाच आला होता.

अनुसयेचा सोपान श्रावणात तापानं गेला. तिचा नवरा खाशाबा मिसरात. त्याला कुणी कळवलं नाही. सासूनं तशी शपथच घातली. आणि आता खाशाबाचं पत्र आलं की पोराचा फोटो धाडा, पळायला लागलं असंल. म्हणून काल अनुसया जावेला आणि जावेच्या धाकट्याला घेऊन आली. चुलतभाऊच तो, चेहरा जुळायचा.

फोटो निघाला. जावेनं आपलं पोर उचलून नेलं.

अनुसया तशीच बसून राहिली. हात तसेच, पोराला धरलेले. मध्ये पोर नाही…

मुकुंदानं दुसरी काच चढवून फोटो घेतला, तरी ते हात खाली आले नव्हते.

“अक्का, मुंबईत प्रदर्शन भरतंय. लढाईतली घरं हाच विषय आहे. तिथल्या लोकांना लढाई म्हणजे तोफा आणि विमानं. इथं चुलीपुढं बसून बाई काय लढते, ते कुणी पाहिलंय? हे बघितल्यावर माणसाला जेवण जायचं नाही.”

“आणि तिथनं ते छापून पलटणीत गेलं म्हणजे? खाशाबा बघंल.”

“बघू दे. बाप आहे तो. कळायला नको त्याला?”

“कळंल. घरी आल्यावर. बायकोच्या तोंडून.”

“आणि तो आलाच नाही तर?”

बयाक्काची कातर थांबली.

 

“अनुसया ओट्यावर बसलीय, फोटो न्यायला,” बयाक्का म्हणाली. “दोन्ही फोटो ने. तिनं हो म्हटलं तर मी स्वतः कागदात बांधून मुंबईला धाडते.”

मुकुंदाला वाटलं होतं तेवढं हे सोपं नव्हतं. प्रदर्शनाच्या भिंतीपुढं उभं राहणं वेगळं, आणि ओट्यावरच्या बाईपुढं उभं राहणं वेगळं. पण मागं फिरायचं कसं? तो गेला.

पहिला फोटो अनुसयेनं हात पुसून घेतला.

“खाल्ल्यापिल्ल्या घरची दिसतीस गं,” जाऊ म्हणाली. “मलाबी असंच काढा म्हणावं अक्कास्नी.”

“आधी तुझा दादला जाऊ दे पलटणीत,” अनुसया म्हणाली, आणि दोघी जरा हसल्या. “ह्यो त्येंस्नी धाडायचा.”

मग मुकुंदानं दुसरा पुढं केला.

आपला असा फोटो निघालाय, हे तिला माहीतच नव्हतं. ती बघत राहिली. आता ही रडेल, नाहीतर फाडून टाकेल, असं मुकुंदाला वाटलं. 

फोटोतल्या दोन हातांच्या मध्ये, जिथं काहीच नव्हतं, तिथं तिनं बोट ठेवलं.

“ह्यात हाय माझा सोपान.”

जावेनं आपलं पोर पदराआड घेतलं.

“त्या दुसऱ्यात न्हाई,” अनुसया म्हणाली. “ह्यो मला द्या, दादा.”

मुकुंद जवळजवळ धावतच आत आला. त्याचा चेहरा फुलला होता, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

“अक्का, तिला दिसलं. मी म्हणत होतो तेच. एक अक्षर न शिकलेल्या बाईला दिसलं, मग मुंबईत का दिसणार नाही?”

“हो म्हणाली?”

“फोटो मागितला.”

“हो म्हणाली का?”

“…विचारलं नाही. पण तिला देतोच ना मी. हवा तर आणखी मोठा काढून देतो. काच राहील माझ्याजवळ. तिच्यावरनं एक मुंबईला, एक वर्तमानपत्राला, हव्या तेवढ्या प्रती निघतील. तिचं कुठं काय कमी होतंय?”

बयाक्का उठली. गुडघे धरून, सावकाश. लाकडी घोडीवर ठेवलेली ती दुसरी काच तिनं काढली, उजेडापुढं धरून बघितली. बराच वेळ बघितली. मग पदरानं कडा पुसल्या आणि काच मुकुंदाच्या दोन्ही हातांवर ठेवली, तान्हं देतात तशी, खालनं आधार देऊन.

“लेकराच्या प्रती काढत नाहीत, मुकुंदा. जा, तिचं तिला देऊन ये.”