चाचांनी पेढा परत ठेवला

मिरजेच्या बाजारात भाकऱ्या विकणाऱ्या शेवंताबाईंनी पन्नाशी गाठली, पण दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती. शेजारणीचं राहतं घर एका ऑपरेशनपायी विकलं गेलं, तेव्हा मात्र आपणही आजारपणाचा विमा काढायचा असं त्यांनी ठरवलं. त्यांनी विम्याचे दलाल बशीरचाचा मुल्ला यांना गाठलं. चाचांनी चार कंपन्या पालथ्या घातल्या, निरोगी माणसांसाठीची एक स्वस्त पॉलिसी हुडकली आणि बाईंना घेऊन ते त्या कंपनीच्या मॅनेजरसाहेबांपुढे उभे राहिले.

साहेब खुशीत होते. दोघांच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "पोराचं लग्न ठरलं! मुलीकडच्यांनी गावभर चौकशी केली, पण पोराबद्दल कुणी एक वाईट शब्द काढला नाही."

मग अर्ज बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पन्नास वर्षांत एकही आजार नाही? म्हणजे बाई काहीतरी लपवतायत. यांना महागडीच पॉलिसी घ्यावी लागेल."

शेवंताबाईंचं तोंड उतरलं. भाकऱ्या थापून तेवढा हप्ता कुठला निघायचा?

चाचांनी आपला पेढा डब्यात परत ठेवला.

"का हो, चाचा?"

"साहेब, गावभर चौकशी करून एक वाईट शब्द निघाला नाही, म्हणजे पोरगा नक्कीच काहीतरी लपवतोय. असल्या लग्नाचा पेढा कसा खायचा?"

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि स्वस्त पॉलिसीवर सही केली. "आता तरी घ्या!"

"घेतो की," चाचा म्हणाले. "पोरगं निर्मळ आहे, आमच्या बाईंसारखंच."

शेवंताबाईंनी मूठ उघडली. धास्तीनं दाबून दाबून पेढ्याची पार भाकरी झाली होती. तीच त्यांनी हसत तोंडात टाकली.